सायबिणीला क्लच बसला

कुडपणच्या पठाराकडे चढणारा रस्ता शेवटचं वळण घेतो, तिथे थोडी सपाटी आहे. त्या सपाटीवर आमची वाडी. वाडीच्या कडेला उभं राहिलं की खाली डोंगर एकामागे एक बसलेले दिसतात, दुपारी रवंथ करत बसलेल्या म्हशींसारखे. त्यांच्या पायाशी पोलादपूर, आणि हवा निवळ असली की त्याही पलीकडे सावित्रीच्या पाण्याची चकाकती रेघ. वाडीत माणसांपेक्षा म्हशी जास्त आणि म्हशींपेक्षा शेळ्या जास्त. दूध, तूप, बकरं, थोडी नाचणी, थोडी वरी, यावर आमच्या चुली पेटतात.

अशा वाडीत हैबती शेलार जन्मला आणि गुरांमागची काठी टाकून त्याने हातात स्टिअरिंग धरलं. आमच्या वाडीतला तो पहिला ड्रायव्हर. बुटका, रुंद छातीचा, मिशीला तेल लावणारा. ट्रकवरून सुट्टीला घरी आला तरी त्याच्या अंगातून ट्रक उतरत नसे. पायवाटेने चालताना वळण आलं की त्याचं अंग त्या बाजूला कलायचं. वाटेत म्हैस आडवी आली की तो तोंडाने हॉर्न द्यायचा, आणि गंमत अशी की म्हैस बाजूला व्हायची. वाडीतल्या पोरांना तो देवासारखा वाटे. म्हाताऱ्यांना वाटे, पोरगं थोडं वाया गेलं.

मग एकदा माणगावजवळ टायर बदलताना जॅक सरकला आणि ट्रकचं वजन डाव्या गुडघ्यावर आलं. हाड जुळलं, जखम भरली, पण गुडघा दुमडायचा विसरला. पाय लाकडासारखा ताठ राहिला. हैबतीला चालता येई, चढता येई, शेतातली कामंही जमत. जमत नव्हतं ते एकच, क्लच दाबणं. आणि क्लच दाबता येत नाही त्या ड्रायव्हरला दारात कोण उभं करतो?

तो घरी आला आणि ओट्यावर बसून दावी वळू लागला. त्याची बायको बयाबाई शिवथरची, उंचनिंच, मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या हसण्याची. ती शेजारणीला सांगे, "दिवसभर बसल्या बसल्या तोंडानं गिअर टाकतो गो. काल भाकरीचं ताट सरकवलं तर म्हणतो, रिव्हर्स घे." शेजारीण हसे, बयाबाईही हसे, पण घरात गेल्यावर तिचं हसू चुलीपाशीच विझायचं. नवऱ्याच्या हातातली दावी दिवसेंदिवस लांबच लांब होत चालली होती, त्यांनी बांधायला तेवढी गुरंच घरात नव्हती.

दासगावच्या बाजाराला गेलेल्या कुणीतरी बातमी आणली. खाडीच्या मोजणीला आलेला एक ऑस्ट्रेलियन साहेब जाताना आपली जुनी पिकअप घरमालकाला देऊन गेला होता. गाडी आंब्याखाली उभी होती, कारण ती कुणाला नको होती. तिला क्लचच नव्हता.

हैबतीच्या हातातलं दावं खाली पडलं.

"क्लच नाय?"

"नाय. दोनच पायटे हायत. एक ब्रेक, एक एस्कलेटर. गिअर आपला आपणच बदलतो म्हणतात."

दुसऱ्या दिवशी हैबती दासगावला. लांब नाकाची, आकाशी रंगाची, पुढे एकच लांबलचक गादीची सीट आणि मागे उघडा हौदा. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. स्टिअरिंगच्या बुंध्याला एक दांडी, ती खाली-वर केली की एका छोट्या खिडकीत इंग्रजी अक्षरं सरकायची. एका अक्षरावर गाडी पुढे जाई, एकावर मागे, एकावर मोकळी राही. हैबतीने दांडी ओढली, उजवा पाय हलकेच दाबला आणि गाडी आंब्याखालून निघाली. डावा पाय बाजूला ताठ पडून होता, त्याला कुणी काही विचारलंच नाही.

दोन दुभत्या म्हशी देऊन तो ती गाडी घेऊन आला. बयाबाईने दारातून पाहिलं. "म्हशी दिल्या आणि ही काय आणली, सायबीण?" ती म्हणाली. गाडीचं तेच नाव पडलं. सायबीण.

पुढची काही वर्षं हैबतीची आणि सायबिणीची. सकाळी वाडीवाडीचं दूध हौद्यात घालून पोलादपूरला, परतताना पेंडीची पोती, मिठाची गोणी, रॉकेलचे डबे, बाजारला गेलेल्या बाया आणि एखादा नवा बोकड. कोकण रेल्वे नवी नवी सुरू झाली होती, तिच्याबद्दल कुणी कौतुकाने बोललं की हैबती म्हणे, "रेल्वेला रूळ लागतात. माझ्या सायबिणीला रस्तापण लागत नाय." ते खरंच होतं, कारण कापड्याच्या वरती रस्ता म्हणावा असं काही तेव्हा नव्हतंच.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या डोंगरात गाडी कधी सपाटीला उभी करत नाहीत. बॅटऱ्या जुन्या, सकाळी हवा गार, सेल्फ मारला तर इंजिन नुसतं कण्हतं. म्हणून संध्याकाळी गाडी उतारावर लावायची आणि चाकाखाली दगड द्यायचा. सकाळी दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडायचा, की इंजिन खाडकन जागं होतं. उतार नसेल तर माणसं ढकलतात. गाडी ढकलणं हे आमच्याकडे पाणी भरण्यासारखंच रोजचं काम. त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी सायबिणीची बॅटरी पार बसली. दुधाच्या किटल्या हौद्यात चढलेल्या होत्या. वाडीचे मोठे आबाजी, ज्यांच्या शब्दावर दूध कोण नेणार आणि पाणी कधी सुटणार हे ठरे, ते घोंगडी सावरत म्हणाले, "बघताय काय? ढकला."

वाडी जमली. पुरुष मागून, बाया बाजूने, होऽ करून जोर लावला. सायबीण उतारावरून सुटली, हैबतीने दांडी पुढच्या अक्षरावर आणली, आणि काहीच झालं नाही. गाडी फुलासारखी घरंगळत वळणापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"जोर कमी पडला," आबाजी म्हणाले.

बैल लावून गाडी वर ओढली. पुन्हा ढकलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शाळेचे गुरुजीही पाठ लावून ढकलत होते. सायबीण ढिम्म. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत क्लच नसतो, तिथे सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो आणि इंजिन चालू असल्याशिवाय तो दाब तयारच होत नाही, हे त्या डोंगरावर कुणाला ठाऊक असणार? ढकलून चालू होत नाही अशी गाडी आम्ही पाहिलेलीच नव्हती.

तेवढ्यात खालून शेजारच्या वाडीतल्या चांगूची जीप आली. चांगू म्हणाला, "माणसाच्या ढकलण्यानं नाय होणार. दोर बांधा. मी वडत नेतो, पोलादपूरपातुर कुठंतरी पेटंलच." सगळ्यांना ते पटलं. हैबतीलाही पटलं. त्याने दांडी पुढच्याच अक्षरावर ठेवली आणि सबंध डोंगर जीपच्या मागे उतरला. अर्ध्या वाटेत कसला तरी करपट वास येऊ लागला. हैबतीला वाटलं, जीपचे ब्रेक तापले. चांगूला वाटलं, शेतात कुणी गवत जाळतंय.

जळत होतं ते सायबिणीचं पोट.

पोलादपूरला हमरस्त्याला लागून सदू मिस्त्रीचं गॅरेज. सदूच्या हाताइतकंच त्याचं तोंड चाले. पान तोंडात, पाना हातात, आणि स्वतःची तारीफ दोन्हींच्या मधल्या जागेत. त्याने गाडीखाली जाऊन बोल्ट सोडला. खाली लाल तेल यायला हवं होतं, ते काजळासारखं काळं आलं. सदूने ते बोटावर घेऊन हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"हैबती, हिला वडत आणलीस?"

"व्हय. डोंगरापासनं."

"बरी आणलीस. इंजिन बंद, आणि गिअरपेटी आतल्या आत कोरडी फिरली. सगळ्या चकत्या जळाल्या. कोळसा झालाय आत, कोळसा. इस्त्रीवाल्याला दे."

"मग नवीन चकत्या घाल."

"घालतो. ऑस्ट्रेलियाची एस्टी किती वाजता हाय, सांग, मी जाऊन घेऊन येतो."

हैबती हसला नाही. सदूने पान थुंकलं आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ही पेटी गेली रे. हिचं सामान महाडला नाय, मुंबईलापण नाय. पण इंजिन सोन्यासारखं हाय. माझ्याकडं जीपची एक गिअरपेटी पडलीय, चांगली हाय. ती बसवतो. हातानं गिअर टाकायची गाडी करतो. पोलादपुरात दुसरा कोण करणार नाय, मी करीन."

"मग क्लच येईल."

"क्लच तर येणारच."

हैबती ताठ पायाकडे बघत बसला. सदूनेही तिकडे बघितलं आणि मग उगीचच पाना पुसू लागला.

वाडीत बातमी गेली तशी आबाजींनी बैठक बसवली. दूध थांबून चालत नाही. तोवर चांगूची जीप दूध नेईल, पण चांगूला ते कायमचं नको होतं. आबाजी म्हणाले, "हैबती, गाडी तुझी, ती तुझीच राहील. पण चालवायला राजेशला दे. देवदिवाळीपास्नं दूध त्यानं न्यावं. तुझा वाटा तुला घरबसल्या येईल."

राजेश म्हणजे हैबतीचा पुतण्या. मुंबईला टॅक्सी चालवून आलेला, केसांना पाणी लावून फिरणारा, मनाने वाईट नाही. तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. तुम्ही बाजूला बसा मालकासारखे. मी चालवतो ना मस्त."

"बाजूला बसायला मी काय बोकड हाय?" हैबती म्हणाला आणि उठून गेला.

घरी येऊन त्याने पुन्हा दावी काढली. बयाबाई बघत होती. नवऱ्याच्या पोटाचा प्रश्न नव्हता, वाटा येणार होता. पण त्या ओट्यावरची ती वर्षं तिने पाहिली होती. तिने दावी उचलली आणि म्हशीच्या गोठ्यात नेऊन टाकली. "गाडीपाशी जा," ती म्हणाली. "परक्याच्या हातात टाकून घरात काय बसलाव?"

म्हणून हैबती रोज सदूकडे जाऊन बसू लागला आणि बयाबाई दुपारी भाकरी घेऊन चांगूच्या जीपने खाली येऊ लागली.

काम सोपं नव्हतं. सायबिणीच्या इंजिनाचं तोंड एका मापाचं, जीपच्या पेटीचं तोंड दुसऱ्या मापाचं. सदूने पुठ्ठ्यावर दोन्हींची भोकं ठोकून घेतली आणि तो पुठ्ठा घेऊन महाडला लेथवाल्याकडे गेला. तिथून बोटभर जाडीची लोखंडी चकती कातून आणली, एका अंगाला इंजिन बसेल, दुसऱ्या अंगाला पेटी. इंजिनाच्या दांड्याच्या टोकात पितळी बुश बसवला, त्यात पेटीचा दांडा फिरणार. इंजिनामागचं जड चाक, फ्लायव्हील, आलं, त्यावर टेकणारी क्लच प्लेट आली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून जोडला. केबिनच्या तळाला भोक पाडलं आणि त्यातून गिअरची काठी वर आली, शेंड्याला काळी गोटी. जुनी दांडी स्टिअरिंगवर तशीच राहिली, शोभेला.

सगळं बसल्यावर सदूने आजूबाजूच्या टपरीवाल्यांना हाक मारून बोलावलं. "बघा आता," म्हणत त्याने किल्ली फिरवली.

टक्कसुद्धा झालं नाही.

सदूने नवी बॅटरी बदलून दुसरी नवी लावली. वायरी चाचपल्या. सेल्फ खोलून पुन्हा बसवला. टपरीवाले चहा करायला परत गेले. सदूचं तोंड पहिल्यांदाच बंद पडलेलं हैबतीने पाहिलं, आणि त्याला जरा मजा वाटली. मग तो म्हणाला, "सदू, ती जुनी दांडी मोकळ्या अक्षरावर असल्याबिगर सायबीण कधी सेल्फ घेतच नव्हती. गिअरात असली की गप बसायची. तिला अजून वाटतंय, ती गिअरात हाय."

सदूने डोक्यावर हात मारला. जुन्या पेटीबरोबर निघालेली एक वायर तशीच लोंबत होती, गाडी मोकळी आहे हे सेल्फला सांगणारी. त्याने तिची दोन टोकं जोडली, किल्ली फिरवली, आणि सायबीण खोकून, थरथरून, छान गुरगुरू लागली. "बघितलात?" सदू रस्त्याकडे ओरडला. "सांगितलं हुतं ना, मी करीन!"

आता क्लच जुळवायचा राहिला. क्लच जुळवताना मिस्त्री गाडीखाली असतो आणि वर कुणीतरी पायटा दाबून धरावा लागतो. खालून "दाब" म्हटलं की दाबायचा, "सोड" म्हटलं की सोडायचा. हैबती ड्रायव्हरच्या जागी बसला होता, पण पायट्यावर ठेवायला त्याच्याकडे पाय नव्हता. बयाबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन त्याच्या डाव्या अंगाला, त्याच लांब सीटवर बसली होती.

"दाब!" सदू खालून ओरडला.

कुणीच काही केलं नाही.

"अरे दाबा कोणतरी! माझ्या डोळ्यात तेल पडतंय!"

बयाबाईने भाकरी बाजूला ठेवली, जराशी सरकली, पाय लांब केला आणि पायटा दाबला. चिखलणीत मांडीभर चिखलातून पाय उपसणारी बाई ती, पायटा असा गेला की तळाला लागला.

"सोड! हळू सोड गो, हळू!"

"हळू म्हंजे कसं?"

"झटक्यानं सोडू नको, एवढंच."

"माजलेल्या रेड्याचा कासरा सोडतात तसा? एकदम सोडला की फरफटवतो, तसा?"

"तसाच! तसाच सोड!"

दाब, सोड, दाब, सोड, असं बराच वेळ चाललं. सदू बाहेर आला तेव्हा हैबती गिअरच्या काठीवर हात ठेवून बसला होता आणि बयाबाईच्या पायाकडे बघत होता. इंजिन चालूच होतं. बयाबाई म्हणाली, "टाका की एक."

"काय?"

"गिअर टाका. मी दाबलाय."

हैबतीने पहिला टाकला. बयाबाईने कासरा सोडावा तसा पाय सोडला आणि सायबीण सदूच्या गॅरेजमधून स्वतःहून बाहेर आली, थेट टपरीच्या बाकापर्यंत. बाकावरचे दोघे चहा घेऊन पळाले. हैबतीने ब्रेक दाबला, आणि बयाबाईने क्लच दाबला नाही, म्हणून गाडी आचका देऊन बंद पडली.

सदू कमरेवर हात ठेवून हसत होता. "हैबती, मी तो पायटा वीतभर डावीकडं घेऊ काय? वैनीच्या पायाखाली नीट येईल."

"येडा झालास?" हैबती लाल झाला. "बायकोच्या पायानं गाडी चालवू? माणसं काय म्हणतील?"

"माणसं म्हणतील, हैबती गाडी चालवतो," बयाबाई म्हणाली. "राजेश चालवायला लागला तर काय म्हणतील?"

हैबतीने इंजिनाचा आवाज ऐकला. मग बाकाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि सदूकडे न बघता म्हणाला, "घे वीतभर."

शिकणं पोलादपूरच्या मैदानात झालं. पहिले काही दिवस सायबीण बेडकासारखी उड्या मारत होती. हैबती "दाब" म्हणे तेव्हा बयाबाई बाहेरच्या शेळीकडे बघत असे, आणि बयाबाई सोडे तेव्हा हैबतीचा हात काठीवर नसे. "लक्ष कुठं हाय गो तुझं?" "तुमचं त्वांड कुठं हाय? आधी सांगाल काय नाय?" क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून बांधावर बसत आणि त्यांच्यासारखंच "दाब! सोड!" ओरडत. मग हळूहळू आचके कमी झाले आणि बांधावरचे प्रेक्षकही.

देवदिवाळीच्या सकाळी आबाजी स्वतः पोलादपूरला हजर होते. त्यांनी अट घातली. "मैदानात बैलगाडीपण पळते. पेंडीची पोती भरून वाडीपातुर चढवून दाव. वाटेत मागं आली तर किल्ली राजेशला." राजेश हौद्यात उभा राहिला, हातात मोठा दगड घेऊन. चढाला गाडी मागे आली तर उडी मारून चाकाखाली द्यायला. आबाजी पोत्यांवर बसले, त्यांच्या बाजूला बाजारच्या चार बाया.

कापड्यापर्यंत सगळं ठीक झालं. पुढे चढ सुरू झाला. "दाब." दुसरा. "सोड." "दाब." पहिला. "सोड." सायबीण वजनाखाली घुमत, धूळ उडवत वर चालली. हौद्यातल्या बाया आधी देवाचं नाव घेत होत्या, मग गप झाल्या, मग आपसांत बोलू लागल्या. बाया आपसांत बोलू लागल्या की समजावं, गाडी बरी चाललीय.

आणि सगळ्यात उभ्या चढाच्या वळणावर कुणाच्या तरी म्हशी आडव्या उतरल्या. हैबतीने तोंडाने हॉर्न दिला, गाडीचाही दिला. म्हशींनी दोन्ही ऐकले आणि रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. गाडी थांबवावी लागली. भर चढावर, पोत्यांनी भरलेली. हँडब्रेक सायबिणीला नावापुरता होता. हैबतीचा उजवा पाय ब्रेकवर रोवलेला, डाव्या अंगाला बयाबाईचा पाय क्लचवर.

म्हशी सावकाश बाजूला झाल्या. आता एकच पाय ब्रेकवरून उचलून एस्कलेटरवर न्यायचा होता, आणि तेवढ्या वेळात गाडी मागे सुटणार होती. मागे वळण, वळणाच्या कडेला दरी. हौद्यात राजेशने उडी मारायचा पवित्रा घेतला. "सोड" म्हणायला हैबतीने तोंड उघडलं, पण नेमकं कधी म्हणावं ते ठरेना. लवकर म्हटलं तर इंजिन बंद पडेल, उशिरा म्हटलं तर दरी.

बयाबाईने त्याच्या म्हणण्याची वाट पाहिली नाही. ती इंजिन ऐकत होती. तिने पाय थोडासा सोडला, कासरा जरा ढिला करावा तसा, आणि तिथेच धरला. सायबिणीचा आवाज जड झाला, नाक किंचित वर उचललं, जणू दावं ताणून उभं राहिलेलं जनावर. गाडी मागे जात नव्हती. हैबतीला ते अंगात कळलं. त्याने ब्रेक सोडला, पाय सरकवला, दाबला. बयाबाईने उरलेला पाय सोडला. सायबीण पुढे निघाली.

राजेश मात्र तेवढ्यात दगडासकट खाली उडी मारून मोकळा झाला होता. तो दगड हातात घेऊन गाडीच्या मागे पळू लागला. "काका! ओ काका! थांबा की!"

"चढावर थांबत नाय!" आबाजी पोत्यांवरून ओरडले. "पळ तू!"

तिथून वाडीपर्यंत केबिनमध्ये "दाब" आणि "सोड" हे शब्द ऐकू आले नाहीत. हैबती काठीकडे हात नेई आणि बयाबाईचा पाय आधीच तळाला लागलेला असे.

वाडीत पोहोचल्यावर आबाजी उतरले, घोंगडी झटकली आणि पायटा पाहायला केबिनमध्ये डोकावले. धापा टाकत राजेशही आला. तो ड्रायव्हरच्या जागी बसून बघू लागला. त्याने डावा पाय लांब केला, अजून लांब केला, कमरेतून वाकडा झाला, तरी पाय पायट्याला पोहोचेना. तो पायटा आता शेजारी बसणाऱ्याच्याच पायाखाली होता.

"काका, ही गाडी एकट्यानं चालतच नाय," तो म्हणाला.

"नाय चालत," हैबती मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "आधी लगीन कर."

आबाजी असे हसले की त्यांना ठसका लागला. "जा रे, राहू दे किल्ली त्याच्याकडंच," ते म्हणाले. "नायतर दुधासाठी तुला बायको शोधत बसावं लागंल मला." राजेशही हसला. नंतर तो महाडच्या एका कारखान्यात गाडीवर लागला आणि सगळ्यांना सांगे, "आमच्या काकांची गाडी जगात कुणाला चालवता येत नाय."

त्यानंतर बरीच वर्षं सायबिणीने वाडीचं दूध नेलं. वाडीतला एक बदल मात्र कुणी ठरवून केला नाही, तो आपोआप झाला. आधी माणसं ओट्यावर येऊन हैबतीला विचारत, "उद्या गाडी जाणार काय?" आता ती मागच्या दाराने चुलीपाशी जाऊन बयाबाईला विचारू लागली. ती "जाणार" म्हणाली की जाणार. वर्षातून तीन-चारदा गाडी शिवथरलाही जाऊ लागली. दूध तिकडे कुणाचं नव्हतं, पण बयाबाईचं माहेर होतं, आणि तिला सोडून गाडी कुठे जाऊच शकत नव्हती. मग गाडीच तिच्या मागे जाई.

एका सकाळी तर किटल्या चढल्या, माणसं बसली, हैबतीने किल्ली फिरवली आणि काठीवर हात ठेवला. बयाबाई दोन्ही पाय सीटवर घेऊन, हाताची घडी घालून बसलेली.

"दाब."

ती हलली नाही.

"दाब गो. दूध तापतंय."

"काल रात्री काय म्हणालाव? आमटी खारट झाली म्हणालाव. आधी म्हणा, बरोबर हुती."

हौद्यातून आबाजींचा आवाज आला, "हैबती, म्हणून टाक रे. मला तालुक्याला जायचंय."

"बरोबर हुती," हैबती पुटपुटला.

"हितं इंजिनाचा आवाज हाय. मोठ्यानं म्हणा."

हैबतीने मान खिडकीबाहेर काढली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "आमटी बरोबर हुती!" आणि पहिल्या गिअरकडे हात नेला. बयाबाईने पाय खाली सोडले, पायटा तळाला लावला आणि मग सावकाश, रेड्याला दमाने पुढे घ्यावं तसा, सोडत गेली.